दाराची गोल मूठ

संधिवात झालेल्या मुलांच्या आईवडिलांना जगभर एक प्रश्न विचारला जातो. गेल्या आठवड्यात तुमच्या मुलाला दाराची मूठ फिरवून दार ढकलता आलं का? उत्तराला चार चौकटी असतात: काहीच त्रास न होता, थोड्या त्रासाने, खूप त्रासाने, जमतच नाही. गुण शून्य ते तीन. हा प्रश्न अमेरिकेत तयार झाला आणि तिथल्या घरांत दाराला गोल, गुळगुळीत मूठ असणं नेहमीचं आहे. ती फिरवायची तर बोटांनी घट्ट धरावी लागते आणि मनगट वळवावं लागतं. हाताच्या सांध्यांना सूज असेल तर नेमक्या याच दोन हालचाली अडतात. स्वीडनमध्ये मात्र घरात, शाळेत, दवाखान्यात दाराला बहुधा आडवी दांडी असते. ती कोपराने दाबली तरी दार उघडतं. बोटं सुजलेली आहेत, मनगट वळत नाही, तरीही मूल दार उघडून आत जातं आणि आई प्रामाणिकपणे ‘काहीच त्रास न होता’ या चौकटीत खूण करते.

प्रश्न स्वीडिशमध्ये अगदी बिनचूक उतरवला, व्याकरण शुद्ध आहे, शब्द जागच्या जागी आहेत, तरी तो तोच प्रश्न राहिला का? माझं उत्तर ‘नाही’ असं आहे. आणि हा प्रश्न केवळ डॉक्टर आणि संशोधकांनी आपसांत सोडवावा इतका किरकोळ नाही, असंही माझं ठाम मत आहे. आजारी मुलाला कोणत्या भाषेत, कोणत्या शब्दांत आणि त्याच्या कोणत्या जगण्याविषयी विचारायचं, हा उपचाराचा भाग आहे. त्याची तपासणी औषधाच्या तपासणीइतकीच गंभीरपणे व्हायला हवी, सार्वजनिक पैशातून व्हायला हवी आणि एकदा करून विसरून जाण्यासारखी नसावी.

या प्रश्नावलीचा प्रवास थोडा सांगायला हवा. मोठ्यांच्या संधिवातासाठी स्टॅनफर्ड विद्यापीठात जेम्स फ्राइज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रश्नावली तयार केली. ती १९८० मध्ये प्रसिद्ध झाली. रक्तातले आकडे, सांध्यांचे एक्स-रे यांपलीकडे माणसाला रोजचं काय जमतं आणि काय जमत नाही हे त्यालाच विचारायचं, ही त्यामागची साधी आणि त्या काळात नवी वाटणारी कल्पना. पुढे गुरकिरपाल सिंग आणि सहकाऱ्यांनी तिच्यावरून मुलांसाठी वेगळी प्रश्नावली रचली. ‘चाइल्डहूड हेल्थ असेसमेंट क्वेश्चनेअर’ हे तिचं पूर्ण नाव, रोजच्या बोलण्यात ‘सी-हॅक’. आठ गटांत विभागलेले ३० प्रश्न: कपडे घालणं, उठणं, खाणं, चालणं, अंघोळ-स्वच्छता, हात पोचणं, पकड आणि इतर कामं. मूळ इंग्रजी प्रश्नावलीवरचा लेख १९९४ मध्ये छापला गेला. स्वीडिश आवृत्तीची पडताळणी मात्र त्याच्या आदल्याच वर्षी, १९९३ मध्ये प्रसिद्ध झाली होती. बूएल अँडरशॉन येरे, अँडर्स फास्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती केली. मूळ लेख छापून येण्याआधीच एका छोट्या भाषेतल्या संशोधकांनी आपल्या मुलांना आपल्या भाषेत विचारून पाहिलं होतं. मला या तपशिलाचं फार मोल वाटतं.

हेच संशोधक नैऋत्य स्वीडनमध्ये या आजाराची मोजणीही करत होते. दर लाख मुलांमागे साधारण ८६ मुलांना दीर्घकाळ टिकणारा संधिवात आहे, असं त्यांना आढळलं. मुलांना संधिवात होतो हेच आपल्याकडे अनेकांना खरं वाटत नाही, म्हणून सांगतो: सोळा वर्षांच्या आत सुरू झालेली, निदान सहा आठवडे टिकलेली आणि दुसरं कोणतंही कारण न सापडलेली सांध्याची सूज म्हणजे हा आजार. आज त्याला ‘ज्युव्हेनाइल इडिओपॅथिक आर्थ्रायटिस’ म्हणतात. नावातल्या ‘इडिओपॅथिक’चा अर्थच ‘कारण ठाऊक नसलेला’ असा आहे. स्वीडनमधली घरं त्याला सरळ ‘मुलांचा संधिवात’ या अर्थाचा ‘बार्नरेउमातिस्म’ हा शब्द वापरतात.

कागदावरच्या तीस प्रश्नांनी असं काय ठरतं? खूप काही ठरतं. या आजारावरचं औषध लागू पडलं की नाही हे मोजण्याचे निकष १९९७ मध्ये ठरले. त्यात सहा बाबी आहेत: डॉक्टरांचं एकूण मत, आईवडिलांचं किंवा मुलाचं एकूण मत, सुजलेल्या सांध्यांची संख्या, हालचाल अडलेल्या सांध्यांची संख्या, रक्तातला सूज दाखवणारा आकडा आणि रोजची कामं जमण्याची क्षमता. ही शेवटची बाब सी-हॅकसारख्या प्रश्नावलीतूनच मिळते. सहापैकी किमान तीन बाबींत ३० टक्के सुधारणा झाली आणि एकापेक्षा जास्त बाबी ३० टक्क्यांहून अधिक बिघडल्या नाहीत, तर औषध लागू पडलं असं धरायचं. एटानरसेप्ट या औषधाची मुलांवरची पहिली मोठी चाचणी २००० साली प्रसिद्ध झाली. तिच्या पहिल्या टप्प्यात ६९ पैकी ५१ मुलांना गुण आला, असं याच निकषांवर ठरलं. म्हणजे सहापैकी दोन बाबी आईवडिलांच्या किंवा मुलाच्या पेनातून उतरतात. महागडी, ताकदवान औषधं मुलाच्या शरीरात जातात किंवा थांबवली जातात, त्यात या दोन खुणांचा वाटा असतो.

आता पुन्हा त्या दाराच्या मुठीकडे येतो, कारण इथे हिशेब करता येतो. सी-हॅकमध्ये प्रत्येक गटातला सर्वांत जास्त गुण त्या गटाचा गुण धरला जातो आणि आठ गटांची सरासरी काढली जाते. समजा, पकडीच्या गटातल्या बाकी सगळ्या प्रश्नांना शून्य आहे आणि फक्त मुठीच्या प्रश्नावर ‘थोड्या त्रासाने’ अशी खूण पडली. गटाचा गुण एक. त्याला आठाने भागलं की एकूण गुण ०.१२५ ने वाढतो. किती क्षुल्लक! पण २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने हेच विचारलं होतं की या प्रश्नावलीवर किमान किती फरक पडला म्हणजे आईवडिलांना मूल खरोखर सुधारल्यासारखं वाटतं. उत्तर आलं ०.१३. म्हणजे जवळपास तेवढाच. एका दाराला गोल मूठ आहे की आडवी दांडी, एवढ्यावर मूल ‘सुधारलं’ की ‘होतं तसंच आहे’ हे कागदावर उलटू शकतं. भाषांतराला कारकुनी काम समजणाऱ्या प्रत्येकासमोर मला हा हिशेब ठेवावासा वाटतो. आधी प्रश्नावली ‘तयार’ होते, मग ती कुणाकडून तरी ‘करून घेतली’ जाते, दोन आठवड्यांत, शब्दामागे अमुक पैसे या दराने. मोजपट्टीच्या खुणा कुठे पडणार हे त्या दोन आठवड्यांत ठरतं आणि तिकडे कुणाचं लक्ष नसतं.

प्रश्नावली दुसऱ्या भाषेत नेण्याची एक मान्य रीत आहे. तिला मी ‘रुळवणं’ म्हणतो, कारण भाषांतर हा तिचा एक टप्पा आहे, सगळं काम नव्हे. दोन जण स्वतंत्रपणे मूळ भाषेतून भाषांतर करतात. त्यातल्या एकाला विषय ठाऊक असतो, दुसऱ्याला मुद्दाम काही सांगितलेलं नसतं, म्हणजे त्याच्याकडून साध्या माणसाचे शब्द येतील. दोन्ही मसुदे जुळवले जातात. मग मूळ प्रश्नावली न पाहिलेले दोन जण त्याचं पुन्हा मूळ भाषेत उलट भाषांतर करतात. डॉक्टर, भाषातज्ज्ञ, भाषांतरकार एकत्र बसून मतभेद सोडवतात. मग तीस-चाळीस माणसांकडून तो कागद भरून घेऊन, प्रत्येक प्रश्नातून त्यांना काय समजलं हे विचारलं जातं. त्यानंतर आकडेवारीची पडताळणी: पंधरवड्याने तोच कागद पुन्हा दिला तर उत्तरं जुळतात का, एका गटातले प्रश्न एकमेकांशी सुसंगत आहेत का, जास्त सूज असलेल्या मुलांचे गुण खरोखर जास्त येतात का, मूल बरं झालं की गुण उतरतात का.

या सगळ्यात उलट भाषांतराला फार मान मिळतो आणि तो मला पटत नाही. उलट भाषांतरातून शब्द तपासले जातात; त्या शब्दांमागचं जगणं तपासलं जात नाही. खरं तर जितकं शब्दशः, अवघडलेलं भाषांतर, तितकं ते उलट्या वाटेने बिनबोभाट परत जातं. ‘दाराची मूठ फिरवून दार ढकलणे’ हे स्वीडिशमधून इंग्रजीत परत नेलं तर तंतोतंत मूळ वाक्य हाती येईल आणि समिती समाधानाने पुढच्या प्रश्नाकडे वळेल. दांडीचं दार तिथेच राहील. याउलट एखाद्या धाडसी भाषांतरकाराने त्या जागी पकड आणि मनगट दोन्ही लागणारं, स्वीडिश मुलाच्या दिवसात खरोखर येणारं काम घातलं, तर उलट भाषांतरात ते चूक म्हणून पकडलं जाईल. चांगलं काम अडावं आणि वाईट काम सुटावं, अशी ही चाळणी कधीकधी वागते.

आकडेवारीच्या बाबतीतही तेच. ‘क्रॉनबॅकचा अल्फा’ नावाचा एक आकडा १९५१ पासून वापरात आहे. एका प्रश्नावलीतली उत्तरं एकमेकांशी किती जुळतात हे तो सांगतो. तो ०.९ आला की लेखात अभिमानाने छापला जातो. पण सगळे प्रश्न एकाच दिशेने थोडेथोडे घसरलेले असतील तरी ते एकमेकांशी छान जुळतात. अल्फा उंच आणि प्रश्न चुकीचा, असं सहज होऊ शकतं. म्हणून या सगळ्या रीतीत मला सर्वांत मोलाची वाटते ती सर्वांत स्वस्त पायरी: एका मुलासमोर बसणं, प्रश्न वाचून दाखवणं आणि विचारणं, ‘तुला यातून काय कळलं, तुझ्या शब्दांत सांग.’ मुलांच्या संधिवातावर अनेक देशांत मिळून काम करणारी इटलीतल्या जिनोवाची ‘प्रिंटो’ ही संघटना आहे. तिने २००१ मध्ये सी-हॅक ३२ देशांत रुळवली आणि सहा हजारांहून अधिक आजारी आणि निरोगी मुलांची माहिती गोळा केली. तिच्या पुढच्या एका बहुभाषिक प्रकल्पात प्रत्येक भाषेत दहा मुलं आणि दहा पालक यांना ओळ न् ओळ वाचून दाखवून, किमान ८० टक्क्यांना ती समजते का हे पाहिलं गेलं. दहा मुलं ही संख्या लहान वाटते. पण त्या दहांपैकी एकाने ‘हे माझ्याकडे नसतंच’ असं म्हटलं, तर त्यातून जे कळतं ते हजार कागदांच्या अल्फातून कळत नाही.

दुखण्याच्या शब्दांवर थोडं थांबतो, कारण तिथे भाषा सर्वांत जास्त घसरते. स्वीडिशमध्ये दुखण्यासाठी निदान तीन रोजचे शब्द आहेत. गुडघा दुखतो तेव्हा मूल ‘उन्त’ म्हणतं. ‘वॅर्क’ म्हणजे रेंगाळणारी, आतून येणारी ठणक. आणि ‘स्मॅर्टा’ हा शब्द वैद्यकीय कागदात, मोठ्यांच्या गंभीर बोलण्यात जास्त येतो. इंग्रजी ‘पेन’ला शब्दकोश ‘स्मॅर्टा’ देतो आणि त्यात काही चूक नाही. पण सहा वर्षांच्या मुलीला तिच्या गुडघ्याविषयी या शब्दात विचारणं म्हणजे तिच्यापासून एक पायरी लांब उभं राहून विचारणं.

मराठी वाचकाला हे वेगळं समजावून सांगायला नको. आपल्याकडे दुखतं, ठणकतं, ठसठसतं, चमक येते, कळ येते, भरून येतं, अवघडतं, आखडतं. आणि दवाखान्याच्या कागदावर? ‘वेदना’. मी काही वर्षं रुग्णालयांच्या माहितीपत्रकांची भाषांतरं केली आहेत. एका ठिकाणी संधिवाताच्या अर्जावर छापलं होतं, ‘प्रातःकालीन सांधेताठरता आहे काय?’ समोरच्या आजींनी ‘नाही’वर खूण केली आणि पेन ठेवता ठेवता म्हणाल्या, ‘तसलं काही नाही बाबा, फक्त सकाळी तासभर अंग धरून राहतं.’ त्या कागदाने एका माणसाचं एक मुख्य लक्षण शून्य करून टाकलं होतं. ज्या भाषेत माणूस दुखणं सोसतो तिच्यात त्याला विचारलंच नव्हतं. त्या दिवसापासून माझा ‘शुद्ध’ भाषांतरावरचा विश्वास उडाला.

मोठ्या माणसाचं हे, तर मुलाचं काय होत असेल? आणि इथे या लेखातला माझ्या दृष्टीने सर्वांत कळीचा मुद्दा येतो: उत्तर कुणी द्यायचं? सी-हॅक पालकही भरतात आणि थोडी मोठी मुलं स्वतःही भरतात. पण व्यवहारात पेन आईच्या हातात असतं. आईचं उत्तर खोटं नसतं. ते वेगळं असतं. तिला दिसतं ते ती लिहिते: मूल सकाळी लंगडतं, बुटांची नाडी बांधायला हाक मारतं. शाळेत पळापळीच्या खेळात ते कडेला बसतं, हे तिला दिसत नाही. शिवाय या प्रश्नावलीत ‘लागू नाही’ ही चौकट आहे. मूल वयाने इतकं लहान आहे की ते काम त्याला एरवीही जमलं नसतं, अशा वेळीच ती वापरायची आहे. पण दोन वर्षांपूर्वी दुखण्यामुळे सायकल सोडून दिलेल्या मुलाच्या घरी सायकलचा प्रश्न आला की ‘आमचा नाही चालवत’ म्हणून त्याच चौकटीत खूण होऊ शकते. आजाराने मुलाच्या आयुष्यातून एक गोष्ट काढून घेतली आणि कागदाने ती मोजायची सोडून दिली. असा कागद रुळवताना ही चौकट कशी समजावून सांगितली आहे, ते मला कुठल्याही शब्दनिवडीपेक्षा महत्त्वाचं वाटतं.

स्वीडनला या बाबतीत पळवाट नाही, कारण तिथे हा कायद्याचा विषय आहे. संयुक्त राष्ट्रांचा बालहक्क करार त्या देशाने १९९० मध्ये मान्य केला आणि १ जानेवारी २०२० पासून तो थेट स्वीडिश कायदाच झाला. त्यातलं बारावं कलम सांगतं की मुलाला त्याच्याविषयीच्या गोष्टींत मत मांडता आलं पाहिजे आणि वय-समज पाहून त्या मताला वजन दिलं पाहिजे. २०१५ पासून लागू असलेला तिथला रुग्ण-कायदाही, उपचार करताना मुलाचं म्हणणं शक्य तितकं जाणून घ्यावं असं सांगतो. मग जाणून घ्यायचं साधन हे जर मुलाला न कळणाऱ्या शब्दांत असेल, किंवा ते फक्त पालकांवर पडताळलेलं असेल, तर कायदा कागदावर पाळला गेला इतकंच. आठ वर्षांच्या मुलासाठीची आवृत्ती आठ वर्षांच्या मुलांवर आणि पंधरा वर्षांच्यांची पंधरा वर्षांच्यांवर पडताळलेली असावी, हा माझ्या मते त्या कलमाचा सरळ अर्थ आहे.

यावर मला दोन-तीन आक्षेप ऐकायला मिळतात. पहिला असा: स्वीडनमध्ये सगळ्यांना इंग्रजी येतं, मग एवढा खटाटोप कशाला? मोठ्यांना येतं, सहा वर्षांच्या मुलीला येत नाही, आणि दुखणं सांगताना तर मोठ्यांनाही परकी भाषा पुरत नाही. दुसरं म्हणजे, त्या देशाने २००९ च्या भाषा-कायद्यात सार्वजनिक कामकाजाची भाषा ‘नेटकी, सोपी आणि समजेल अशी’ असावी असं लिहून ठेवलं आहे. एक कोटीच्या आसपास लोकसंख्येचा देश हे लिहितो, त्याअर्थी भाषा छोटी असणं हे कमी मेहनतीला निमित्त होऊ शकत नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. इतक्या लहान देशात या आजाराची मुलं मोजकीच. प्रत्येक नव्या प्रश्नावलीची पडताळणी करायची तर त्याच मुलांना पुन्हा पुन्हा कागद भरायला बसवावं लागेल. आधीच सुया, डोळ्यांच्या तपासण्या, फिजिओथेरपी, त्यात हे. हा आक्षेप मी मान्य करतो, आणि म्हणूनच मला वाटतं की नव्या प्रश्नावल्यांचा हव्यास कमी करावा. दहा अर्धवट पडताळलेल्या प्रश्नावल्यांपेक्षा दोन नीट रुळवलेल्या बऱ्या. त्या दोन कोणत्या हे ठरवताना मुलांना आणि पालकांना विचारावं.

तिसरा आक्षेप तंत्रज्ञानवाल्यांचा: शब्दच नकोत, चित्रं दाखवा, चेहरे दाखवा. पण चेहरेही रुळवावेच लागतात. मुलांचं दुखणं मोजायला सुधारून केलेली एक चेहऱ्यांची पट्टी २००१ मध्ये आली. तिच्यात पहिला चेहरा मुद्दाम हसरा ठेवला नाही आणि शेवटच्या चेहऱ्यावर अश्रू नाहीत. कारण हसू आणि अश्रू दाखवले की मूल दुखणं सोडून आपण आनंदी आहोत की दुःखी याचं उत्तर देऊ लागतं. एका चित्रातला थेंब काढायलाही कुणीतरी मुलांसोबत बसून विचार केला होता.

एकदा पडताळलेली प्रश्नावली कायम वैध राहत नाही, याचा पुरावा याच आजारात आहे. १९९३ मध्ये स्वीडिश सी-हॅक पडताळली तेव्हा एटानरसेप्टसारखी औषधं नव्हती. अमेरिकेत त्याला मुलांसाठी १९९९ मध्ये परवानगी मिळाली, युरोपात पुढच्या वर्षी. त्यानंतर आजाराचं रूपच बदललं. आज अनेक मुलांचा सी-हॅकचा गुण सरळ शून्य येतो. ही आनंदाची गोष्ट आहे, पण शून्याखाली उतरायला जागा नसते. शून्य असलेली मुलगी संध्याकाळी थकून आडवी होत असेल, बर्फात सहलीला जायला घाबरत असेल. कागदाला ते दिसत नाही. टोरोंटोच्या संशोधकांनी २००४ मध्ये जास्त अवघड कामं घालून सुधारित रूपं करून पाहिली, आणि ती सूक्ष्म फरक जास्त टिपतात असं त्यांना आढळलं. स्वीडनमध्ये त्याच वर्षी संधिवात झालेल्या मुलांच्या पावलांसाठी वेगळी, २७ विधानांची प्रश्नावली प्रसिद्ध झाली. सांध्यातला बिघाड, अडलेल्या हालचाली आणि हुकलेला सहभाग अशा तीन अंगांनी ती विचारते. तो तिसरा भाग मला फार योग्य वाटतो. मुलाला पाऊल टाकता येतं का, एवढं विचारून भागत नाही. सोबतच्यांबरोबर जाता आलं का, हेही विचारायला हवं. हिवाळ्यात दिवसातून तीनतीनदा जाड सूट, बूट आणि हातमोजे चढवून-उतरवून अंगणात जाणाऱ्या स्वीडिश बालवाडीतल्या मुलासाठी ‘कपडे घालता येतात का’ हा प्रश्न म्हणजे सगळ्यांबरोबर बाहेर पडता आलं का, हाच प्रश्न असतो.

आणि ‘स्वीडिश मूल’ म्हणजे तरी कोण? त्या देशातल्या लोकसंख्येचा साधारण पाचवा हिस्सा परदेशात जन्मलेल्यांचा आहे. घरात अरबी, सोमाली, फारसी बोलणारी मुलं त्याच दवाखान्यात येतात. दुभाषा समोर बसून स्वीडिश कागद तोंडी उलथवून सांगतो, आई उत्तर देते, नर्स खूण करते आणि तो आकडा रजिस्टरमध्ये पडताळलेल्या आकड्यांच्या शेजारी जाऊन बसतो. त्याच्या मागे कोणतीही पडताळणी नसते. गोथेनबर्ग, स्टॉकहोममध्ये मराठी घरंही आहेत. तिथलं एखादं मूल बालवाडीत ‘उन्त’ म्हणेल आणि घरी ‘दुखतंय’. त्याची आई इंग्रजीतून विचार करत स्वीडिश कागद भरेल. तीन भाषांतून गाळून आलेल्या त्या उत्तराला आपण गुण म्हणणार आहोत.

आपल्या देशात मोठ्यांच्या प्रश्नावलीवर हे काम झालं आहे. भारतीय आवृत्तीत मांडी घालून बसणं, शौचाला उकिडवं बसणं, रिक्षात चढणं-उतरणं, साडी किंवा धोतर नेसणं अशी कामं आली. मूळ प्रश्नावलीतला बाथटबचा प्रश्न आपल्याकडे काहीच मोजत नाही हे त्या संशोधकांनी ओळखलं. यामागे भारतीयपणाचा अभिमान नव्हता. खुब्याचा आणि गुडघ्याचा संधिवात जमिनीवर बसताना पकडला जातो, खुर्चीत बसताना सुटतो, एवढं साधं कारण होतं. मराठी मुलांच्या प्रश्नावलीत शाळेतल्या सतरंजीवर मांडी घालून बसणं, पाठीवरचं दप्तर, हापशाचा दांडा आणि कडी-कोयंडा असणं हे लाड नव्हेत.

हे काम करणाऱ्यांचा मान आणि मोबदला मात्र आज फारच तोकडा आहे. रुळवण्याचा अभ्यास हा संशोधनात दुय्यम समजला जातो: नवं काही शोधलं नाही, दुसऱ्याचं भाषांतर केलं. काही प्रश्नावल्यांना परवाना लागतो आणि त्याचं शुल्क ठरलेलं असतं. पण ज्या मुलांनी एकेका ओळीवर बोट ठेवून ‘हे कळत नाही’ म्हटलं, त्यांच्यासाठी नेमका निधी कुठे असतो? माझ्या मते सरकारी किंवा विद्यापीठाच्या पैशातून रुळवलेली प्रत्येक प्रश्नावली सर्वांना मोफत खुली असावी. भाषांतरकाराचं नाव लेखात आभाराच्या तळटीपेत न टाकता लेखकांत असावं. आणि ज्या औषध-कंपनीच्या चाचणीत एखाद्या भाषेतली प्रश्नावली वापरली जाते, तिने त्या भाषेतली पडताळणी चालू ठेवण्याचा खर्च उचलावा. तिचं औषध मंजूर होतं त्यात त्या खुणांचा वाटा असतो.

याहूनही सोपी एक गोष्ट उद्यापासून करता येईल. दुधाच्या पिशवीवर तारीख असते, औषधाच्या पाकिटावर असते. मुलाच्या हातात देण्याच्या प्रत्येक प्रश्नावलीच्या खालच्या कोपऱ्यात एक ओळ छापावी: ही प्रश्नावली या भाषेत शेवटची कोणत्या साली, कोणत्या वयाच्या किती मुलांना समोर बसवून वाचून दाखवली होती. ज्या कागदावर ती ओळ रिकामी राहील, तो कागद डॉक्टरांनी मुलाच्या उपचाराचा निर्णय घेताना बाजूला ठेवावा आणि मुलालाच विचारावं, ‘आज सकाळी उठून इथे येईपर्यंत काय काय केलंस, आणि त्यातलं काय जड गेलं?’